तीनशे हातांचा निळा

३ मार्च, मंगळवार

चष्मा तुझ्या डोक्यावर आहे. आधी तो खाली घे, मग वाच.

बाळा, ही वही तुझ्यासाठी. मी रोज फोनवर सगळं सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी तू विचारायचंस, "आई, कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणालीस?" हे मला झेपत नाही. उजव्या. परत एकदा सांगते, उजव्या. डावा दोन महिन्यांनी. विसरलास तर सूनबाईला विचार, तिच्या डोक्यात अख्ख्या घराचं सामान असतं.

मला अक्षर येत नाही, हे तरी तुझ्या लक्षात असेल. म्हणून मी बोलते आणि लेखणी लिहिते. लेखणी म्हणजे तुझ्या लेकीची भागीदार. उंच, बारीक, आणि केसांचा बुचडा असा वर बांधते की टोक काढून ठेवल्यासारखं वाटतं. तिला अट घातली आहे, मी बोलेन तसं लिहायचं, सुधारायचं नाही. ती हसली. हसली हेही लिही म्हटलं.

तुझ्या लेकीला मी गडबड म्हणते ते तुला ठाऊक आहेच. नोकरी सोडून ती आणि लेखणी ह्या दोन खोल्यांत बसून काय करतात ते आज मला कळलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात दोन औषधं घालायची असतात, दिवसातून चार वेळा. आधी पांढऱ्या टोपणाचं. मग पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरं औषध पहिल्याला धुऊन काढतं. मग गुलाबी टोपणाचं. ती पाच मिनिटं मोजून घंटा वाजवणारा प्रोग्राम ह्या दोघी बनवतात. घरच्या यंत्रावर चालेल असा, आणि दवाखान्यातल्याही.

मी म्हटलं, "पाच मिनिटं मोजायला दोन शिकलेल्या मुली?"

गडबड म्हणाली, "आजी, म्हणूनच तर नोकरी सोडली. एकटीला जमेना."

सतरा तारखेला दवाखान्यात परीक्षा आहे. जमलं तर प्रोग्राम वॉर्डात लागेल. नाही जमलं तर जुन्या नोकरीवर परत जाईन असं तिने तुला कबूल केलंय, आणि त्यानंतर तुम्ही बापलेक दोन महिने बोललेला नाहीत. ती तुझा फोन आला की उचलते आणि माझ्या हातात देते. तूही "आईला दे" म्हणतोस. मधल्या मधे मी कोण, तारेवरची चिमणी?

डोळ्यावर पट्टी आहे. दुखत नाही. डॉक्टरांचे हात लोण्यासारखे होते, देव त्यांना उदंड आयुष्य देवो.

५ मार्च, गुरुवार

पट्टी निघाली. सगळं धुतल्यासारखं दिसतंय.

सकाळी पांढऱ्या टोपणाचे थेंब पडले आणि मी मान मागे टाकून बसले. थोड्या वेळाने लेखणी यंत्राकडे बघून म्हणाली, "आजी, पुढचा थेंब तीनशे एकोणसत्तर वर्षांनी."

मी म्हटलं, "तोवर गुलाबी बाटली वाळून जाईल गं."

गडबडने कपाळावर हात मारला. मग लेखणीने मला नीट समजावलं, आणि मला जे कळलं ते असं. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक मुकादम असतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात त्याला, पण मुकादमच तो. सगळ्यांना कामाला लावतो आणि स्वतः दिसत नाही. वेळ विचारायची तर त्याला विचारावी लागते. आणि ह्यांच्याकडे यंत्रं तीन, मुकादम तीन, तिघांची तऱ्हा वेगळी. दवाखान्यातलं यंत्र जुनं आहे, त्याचं नाव मी म्हातारबा ठेवलं. लेखणीचं चकचकीत आहे, ते साहेब. आणि गडबडच्या यंत्रातला मुकादम म्हणे जगात सगळ्यांना फुकट मिळतो, म्हणून तो फुकट्या.

तर फुकट्या आणि साहेब छप्पन्न वर्षांपूर्वीपासून सेकंद मोजत आलेत. म्हातारबा त्याच्याही मागे तीनशे एकोणसत्तर वर्षांपासून मोजतो, आणि तेही सेकंद नव्हेत, सेकंदाचे एक कोटी तुकडे करून. गडबडने एकाचा आकडा दुसऱ्याच्या मापाने वाचला.

"सुरुवात कुठून करायची ते तिघांनी मिळून ठरवलं का नाही?" मी विचारलं.

"तिघे कधी एका घरात राहिले नाहीत, आजी."

माणसांचंही तसंच आहे.

दुपारपर्यंत तिने दुरुस्त केलं. म्हणाली, दारावर एक कारकून बसवला. आता प्रोग्रामने कारकुनालाच विचारायचं. कोणत्या मुकादमाशी कोणत्या भाषेत बोलायचं आणि उत्तर कोणत्या मापात आणून द्यायचं, ते कारकून बघेल. घंटा पाच मिनिटांनी वाजली. माझं मोजून झालं तेव्हाच.

९ मार्च, सोमवार

आज डोळा दाखवायला दवाखान्यात गेलो. मुलींनी प्रोग्राम म्हातारबावर चढवला. मोठ्या सिस्टर समोर उभ्या होत्या. ह्या बाई तीस वर्षं त्या वॉर्डात आहेत. हसायला त्यांना वरून परवानगी लागते बहुतेक.

पहिला थेंब पडला. मी मान मागे टाकून मोजत होते. एकशे वीसला घंटा वाजली.

"लवकर झाली," मी म्हटलं.

"आजी, गप्प," गडबड पुटपुटली.

मोठ्या सिस्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दोन मिनिटं. पुन्हा करा."

शेजारच्या खाटेवरचे सुतारकाका तयार झाले. त्यांना पहिला थेंब घातला. ह्या वेळी घंटा वाजेचना. मी चारशे ऐंशीपर्यंत मोजलं. काका छताकडे बघत म्हणाले, "पोरींनो, छताला तीन भेगा आहेत. चौथी पडेपर्यंत थांबू का?"

शेवटी घंटा वाजली तेव्हा मोठ्या सिस्टर एवढंच म्हणाल्या, "सतरा तारीख लक्षात आहे ना?"

घरी येऊन दोघींनी फुकट्यावर वीस वेळा लावून पाहिलं, साहेबावर वीस वेळा. वीसच्या वीस वेळा बरोबर. घरात शहाणा आणि बाहेर वेडा, असा प्रोग्राम मी पाहिला नव्हता, मुलं पाहिलीत.

गडबडचे डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. घरात कांदा नाही, कालच संपला. बाळा, मलाही शंका वाटते. दोन हुशार मुलींना जे सात महिन्यांत साधलं नाही ते आठ दिवसांत कसं साधेल? तुझंच खरं असेल कदाचित. पण तुझं खरं निघावं असं मला वाटत नाही, एवढं लिहून ठेव, लेखणी. त्याला उद्देशून लिही.

१० मार्च, मंगळवार

यंत्राचं काही नवीन नाही.

पण ह्या खोलीच्या पडद्याला मी आल्यापासून हिरवा म्हणत होते. तो निळा आहे. डावा डोळा झाकला की निळा, उजवा झाकला की हिरवट. किती वर्षं मी निळ्याला नावं ठेवत होते कोण जाणे! सूनबाईची ती साडी आठवते? "मळखाऊ रंग कशाला घेतलास" म्हणून मी तिला बोलले होते. तिला सांग, आईने माफी मागितली आहे. रंगाचं काम केलेली बाई मी, आणि रंगच हरवून बसले होते. आज दिवसभर खिडकीत बसून आभाळ बघितलं. फुकट मिळतं तेही, त्या मुकादमासारखं.

११ मार्च, बुधवार

आज मी एक जुनी गोष्ट सांगायला घेतली आणि मुलींनी ती अर्ध्यावर टाकली. तुला सांगते, तू पळून कुठे जाणार?

दुपारी गडबड भांडी विसळत होती. म्हणाली, "आजी, थेंब टाकल्यावर तू ओठ हलवून काय पुटपुटतेस?"

"मोजते. रंगशाळेची सवय."

"सांग ना."

रंगशाळेत माझ्याकडे निळ्याचा हौद होता. कापड बुडवायचं आणि लाकडी वल्ह्याने ढवळायचं. तीनशे हात मारले की निळा चढला. दोनशेऐंशीला फिकट, साडेतीनशेला काळसर. बाकीच्या बायका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कापड काढायच्या. मला काटे कळत नव्हते, म्हणून मी हातच मोजायचे. तू पोटात होतास तेव्हासुद्धा. मोजता मोजता तू लाथ मारायचास, तेवढाच माझा हिशेब चुकायचा.

आमचा मुकादम मोठा बेरकी. जेवणाच्या सुट्टीनंतर हळूच स्टुलावर चढायचा आणि घड्याळाचा काटा मागे सारायचा. आम्ही दिवसाला पाव तास जास्त राबायचो, आणि कळायचं कुणालाच नाही. एक दिवस त्याने काटा सारला तेव्हा कापड हौदात होतं. बायका घड्याळ बघत बसल्या. पाच मिनिटांची झाली वीस. आठ हौदांतलं कापड काळं झालं. एकटीचं माझं निळं.

मालक आले. विचारलं, "हिचंच कसं बरोबर?" मी म्हटलं, "मालक, किती वाजले ते मला कळत नाही. किती वेळ झाला तेवढं कळतं."

इथपर्यंत सांगितलं आणि बघते तर गडबड हातात ताटली घेऊन उभी. पाणी वाहतंय. तिने हाक मारली, "लेखणी! आपण त्याला किती वाजले विचारतोय."

लेखणी आतून म्हणाली, "मग?"

"सुरुवातीला किती वाजले, आता किती वाजले, वजा करतोय. आणि दवाखान्यात मधेच कुणीतरी काटा सरकवतंय!"

दोघी यंत्रापुढे जाऊन बसल्या. मी म्हटलं, "अगं, नळ तरी बंद करा." कुणी ऐकलं नाही. मीच उठून बंद केला. गोष्टीत पुढे त्या मुकादमाचं काय झालं ते कुणी विचारलंच नाही. म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टींचा कंटाळा येतो मुलांना, त्यात त्यांची चूक नाही. (लेखणी हसतेय. का हसतेय ते सांगत नाही.)

१२ मार्च, गुरुवार

गडबड सकाळी दवाखान्यात जाऊन विचारून आली. तिथलं एक मोठं यंत्र अधूनमधून बाकीच्या सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवून देतं. चांगल्या हेतूने हो. सोमवारी त्याने म्हातारबाचं घड्याळ आधी तीन मिनिटं पुढे ढकललं, मग चुकलं म्हणून मागे ओढलं. मधल्या मधे सुतारकाकांची मान आखडली.

आता कळलेली गंमत ऐक. प्रत्येक मुकादमाकडे दुसरंही एक घड्याळ असतं, बिनकाट्यांचं. किती वाजले ते त्याला सांगता येत नाही. ते नुसतं मोजत राहतं, आणि त्याला कुणी मागे सारू शकत नाही. वेळ किती गेला हे विचारायचं तर त्याला विचारायचं. अर्थात तिघा मुकादमांकडे त्याची नावं तीन आणि मापं तीन. म्हणजे कारकुनाला पुन्हा काम.

मी विचारलं, "असं घड्याळ पहिल्यापासून होतं, तर आधीच का नाही विचारलं?"

गडबड म्हणाली, "घरी दोन्ही सारखंच उत्तर द्यायची, आजी. फरक आहे हे कळायला कुणीतरी काटा सरकवावा लागतो."

हे मला पटलं. त्या बेरकी मुकादमाने काटा सारला नसता तर मलाही कुठे कळलं असतं की माझ्याजवळ काही आहे म्हणून? आयुष्यभर त्याला शिव्या दिल्या. आज थोडे आभार मानते. थोडेच.

१४ मार्च, शनिवार

बरं चाललं होतं, तर साहेबाने खोडी काढली. सकाळी थेंब टाकून लेखणीने त्याचं झाकण मिटलं आणि दार उघडायला गेली. दूधवाल्याशी दहा मिनिटं गप्पा. परत येऊन झाकण उघडलं तर साहेब म्हणतो, अजून चार मिनिटं आहेत.

म्हणजे झाकण मिटलं की साहेब झोपतो, आणि झोपला की मोजणं थांबतं. फुकट्याचंही तेच. म्हातारबा मात्र झोपेतही मोजतो. वय झालं की झोप अशीच लागते, हे मी दोघींना सांगितलं.

गडबड डोकं धरून बसली. "तीनच दिवस राहिले. आजी, तुला कधी हौदावर झोप लागली का गं?"

"लागली की. तुझ्या बापाच्या वेळी सातव्या महिन्यात. उभ्या उभ्या."

"मग कापड?"

"शेजारच्या हौदावरची बाई माझे हात मोजत होती. जागी झाल्यावर मी माझा आकडा धरला नाही, तिचा धरला."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा त्या यंत्रापुढे गेल्या. ह्या वेळी निदान नळ चालू नव्हता. संध्याकाळी लेखणीने सांगितलं की साहेबाकडे आणि फुकट्याकडे झोपेतही मोजणारं आणखी एक घड्याळ सापडलं. त्याला त्या शेजारीण म्हणायला लागल्यात.

ती बाई फार पूर्वी गेली. मी तिचे आभार मानले होते की नाही, आठवत नाही. विसरणं तुझ्याकडे माझ्याकडूनच आलं असणार. आज मानते.

१७ मार्च, मंगळवार

लेखणी, आज एकही शब्द गाळू नकोस.

तिन्ही यंत्रं वॉर्डातल्या टेबलावर ओळीने मांडली. खुर्चीत मी. मोठ्या सिस्टरांनी स्वतः माझ्या डोळ्यात पांढऱ्या टोपणाचा थेंब घातला आणि तिन्ही यंत्रं एकदमच सुरू झाली. गडबड भिंतीला टेकून उभी होती. चेहरा न रंगवलेल्या कापडासारखा. मी मोजायला लागले.

साठपर्यंत सगळं शांत. मग मोठ्या सिस्टर म्हातारबाजवळ गेल्या आणि शांतपणे त्याचं घड्याळ एक तास मागे केलं. मला न राहवून हसू आलं. स्टूल तेवढं नव्हतं.

"डोळा हलवू नका, आजी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी साहेबाचं झाकण खाडकन मिटलं. "नर्स हे करणारच. चहा ठेवायला जागा हवी असते."

गडबडने डोळे मिटून घेतले. मी मोजत होते. दोनशे. दोनशे दहा. अडीचशेला त्यांनी झाकण उघडलं. आता मला माझ्याच मोजण्याची भीती वाटायला लागली. वल्हं सोडून चाळीस वर्षं झाली. माझेच हात चुकत असले तर?

दोनशे अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. तीनशे.

म्हातारबा वाजला. साहेब वाजला. मोठ्या सिस्टरांनी मनगटाकडे पाहिलं. फुकट्या गप्प.

"हा का वाजला नाही?" त्यांनी विचारलं.

गडबड पुढे धावली. पडद्यावर घंटा दिसत होती, वेळही बरोबर होती. पण काल कसलीतरी कटकट नको म्हणून तिने यंत्राचा आवाज बंद केला होता आणि चालू करायला विसरली होती. स्वतःचं यंत्र, स्वतःची परीक्षा!

बाळा, ती तुझी लेक नाही असं कुणी म्हणालं तर मी साक्ष देईन.

मोठ्या सिस्टर हसल्या. परवानगी आली असावी. म्हणाल्या, "आवाज बंद असला तरी घंटा वाजेल अशी सोय करा. सोमवारपासून वॉर्डात लावू." आणि मला गुलाबी टोपणाचा थेंब घातला. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाल्या, "आजी, तुम्ही ओठ हलवत होतात. तुमचा तीनशे आणि माझं घड्याळ एकदम आलं."

मी त्यांचा हात धरला आणि सोडायला विसरले. त्याही विसरल्या.

१८ मार्च, बुधवार

आज दोघींनी मला यंत्रापुढे बसवलं. पडदा काळा, त्यावर ओळीच ओळी. गडबडने एका ओळीवर बोट ठेवलं.

"आजी, हा तो कारकून. वेळ किती झाला ते तिन्ही मुकादमांना हाच विचारतो. त्याचं नाव आम्ही बदललं. आता त्याचं नाव 'आजी'."

"मला न विचारता?"

"तुला विचारूनच तर सगळं केलं."

हे मला कळलं नाही. मी नुसत्या जुन्या गोष्टी सांगत होते, त्याही अर्धवट. आणि आजी हे काही माझं नाव नव्हे, हुद्दा आहे, हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "हुद्दाच दिलाय." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, आणि ह्या वेळी कांद्याचं नाव काढलं नाही.

अक्षरं मला आली नाहीत. पण बोटाखालची ती दोन आकृत्यांची जागा बाकीच्या ओळींपेक्षा वेगळ्या रंगात होती. लेखणी म्हणाली, कामाच्या नावांना यंत्र आपोआप तो रंग देतं, त्यात विशेष काही नाही. मी डावा डोळा झाकला आणि उजव्याने नीट पाहिलं. काळसर नाही, फिकट नाही. तीनशे हातांचा निळा. तो मी कुठेही ओळखेन.

देवा, तुझी आणि त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. लेखणी, तुझीही. ही वही आज तुझ्याच हाताने टपालात टाक.

आता बाळा, विसरण्याआधी कागद घे. संत्री पाठव, डझनभर, सालीला हात लावून गोड बघून घे. मधाची मोठी बाटली मोठ्या सिस्टरांना. मऊ पाव माझ्यासाठी, कडक बिस्किटं अजिबात नकोत. आणि तू करतोस ते भोपळ्याचं सूप गडबडसाठी; ती मागणार नाही, पण दोन महिन्यांत तिने दुसऱ्या कुणाच्या हातचं चाखलंही नाही. घट्ट कर, मिरी कमी घाल, आणि डब्याचं झाकण नीट लाव, कारण गाडीत तो डबा तुला मांडीवर धरून आणायचा आहे.